भरलेली वजा रिकामी

वर्लिन हॉगस्टाडनं जन्मभर दुसऱ्यांच्या ट्रकांची वजनं केली. होल्म लेक गावच्या धान्यकोठारापाशी ट्रकांचा काटा होता, त्याच्या खिडकीत तो तीसेक वर्षं बसला. शेतकरी मक्याचा ट्रक काट्यावर चढवायचा, वर्लिन आकडा वाचायचा. ट्रक आत जाऊन रिकामा होऊन यायचा, वर्लिन पुन्हा वाचायचा. भरलेली गाडी वजा रिकामी, उरेल तो मका. आणि वाचायचा म्हणजे काय, खिडकीतून मान बाहेर काढून खणखणीत आवाजात सांगायचा. एरवी हा माणूस इतका कमी बोलायचा की चर्चमध्ये त्याच्या शेजारी बसणाऱ्यांनाही तो गातो की नुसते ओठ हलवतो ते माहीत नव्हतं. गावात म्हणायचे, वर्लिनला टायरांकडं बघून वजन कळतं. ते खरंच होतं. त्याच्याशी पैज लावून कॉफी पाजावी लागलेले अर्धे लोक अजून गावात आहेत.

असा माणूस, आणि त्याला घरातल्या बायकोचं उतरत चाललेलं वजन दिसू नये! दुसऱ्या कुणाबद्दल हे ऐकलं असतं तर आम्ही त्याला शिव्याच घातल्या असत्या. वर्लिनला घालवत नाहीत. कारण तो त्या दिवसांत गाडी हलकी करण्यात गुंतला होता, आणि गाडी तो तिच्याचसाठी हलकी करत होता.

ती म्हणजे मार्लिस. गावातली शाळेची पिवळी बस तिनं चालवली. आमच्या मिनेसोटातला हिवाळा, रस्ता आणि शेत यांतला फरक कळू नये असा बर्फ, मागं चाळीस पोरं एकमेकांच्या टोप्या फेकतायत, आणि ही बाई आरशातून नुसती एक नजर टाकायची की सगळी चिडीचूप. तिनं बस कधी घसरू दिली नाही. पण सगळा जन्म तिनं हळू चालवण्यात काढला आणि मनातून तिला वेग हवा होता. उन्हाळ्यात रविवारी दोघं ड्रॅग रेस बघायला जायची. सरळ पाव मैलाची पट्टी, दोन गाड्या शेजारी शेजारी, हिरवा दिवा लागला की सुटायचं. बारा-पंधरा सेकंदांत खेळ खलास. मार्लिस कठड्याला धरून उभी राहायची आणि तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. वर्लिनला तो पाय दिसायचा.

मग कोठारानं आपोआप वजन करणारा काटा बसवला. वर्लिनला केक कापून निरोप दिला. त्या हिवाळ्यात तो खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला तो बसलाच. रस्त्यानं ट्रक गेला की ओठ हलायचे, बाकी काही नाही. मार्लिस त्याला तळ्यावर मासे धरायला ने, चर्चच्या तळघरात कॉफीला ने, असं करून थकली. शेवटी वसंतात तिनं आपली लाडकी मासेमारीची होडी विकली. गळ, दोऱ्या आणि शिशाच्या गोळ्यांचा डबा तेवढा ठेवला. आणि एका सकाळी दारात ट्रक येऊन उभा राहिला, त्यातून मोठाले लाकडी पेटारे उतरले.

"हे काय आणि?" वर्लिननं विचारलं.

"गाडी आहे. सुट्या भागांची. तू जोडायची, मी चालवायची."

"आणि होडी?"

"होडीत बसून तुझी वाट बघत होते. तू काही येत नव्हतास. ऊठ आता, पाना कुठंय बघ."

वर्लिन उठला. पाना शोधायला म्हणून गॅरेजमध्ये गेला तो दोन हिवाळे तिथंच होता म्हटलं तरी चालेल.

पेटाऱ्यांत निघाला तो नळ्यांचा सांगाडा, फायबरचं पातळ अंग, चाकं, स्टिअरिंग. इंजिन आपलं आपण बघायचं होतं. कंपनीच्या कागदावर एका मोठ्या इंजिनाचं चित्र होतं. वर्लिननं त्या चित्राकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "लई जड."

त्यानं मागं मोटरसायकलचं इंजिन बसवलं. आणि पुढच्या चाकांसाठी भंगारवाल्याकडून एका ठोकलेल्या हायब्रिड गाडीची विजेची मोटर आणि बॅटरी उचलून आणली. त्याचं म्हणणं सोपं होतं. पेट्रोलला जोर यायला क्षणभर लागतो, विजेला लागत नाही. तेव्हा सुटताना पुढून विजेनं ओढायचं, मग मागून पेट्रोलनं ढकलायचं. हे जुळवता जुळवता दोनदा गॅरेजचा फ्यूज गेला, एकदा वर्लिनच्या भुवया गेल्या. मार्लिसनं पेन्सिलीनं काढून दिल्या आणि तसाच त्याला चर्चला नेला.

बॅटरीचं वजन फार, म्हणून ते दुसरीकडून कमी करायला हवं. इथं वर्लिनच्या अंगात भूत शिरलं. त्यानं स्वयंपाकघरातला काटा गॅरेजमध्ये नेला आणि गाडीचा प्रत्येक तुकडा त्यावर चढवला. बोल्ट लांब असेल तर कापला. पेडलला भोकं पाडली, सीटच्या पत्र्याला भोकं पाडली, कंसांना पाडली. ज्याला भोक पाडता येईल त्याला पाडलंच. गाडी उन्हात उभी केली की खाली जमिनीवर जाळीदार सावली पडायची.

"माझ्या दाढेत चांदी भरलीय," मार्लिस म्हणायची. "तीही काढून घे हवी तर."

"दाढेला अजून हात लावला नाही. माझं लक्ष तुझ्या कानातल्यांवर आहे."

"आणि काटा तू इथं आणलास, केकचं पीठ मी कशात मोजू? तुझ्या टोपीत?"

फक्त एक गोष्ट वर्लिनला कधी मोजायला मिळाली नाही, आणि ती म्हणजे चालवणारी. गाडी इतकी हलकी की तिच्यात बसणाऱ्या माणसाचं वजन हिशेबात धरावंच लागतं. मार्लिसनं आकडा सांगायला साफ नकार दिला. कोठाराच्या सहलीला सगळं गाव ट्रकच्या काट्यावर हसत हसत उभं राहायचं, ही कधी पाय ठेवायची नाही. "तीस वर्षं लोकांची वजनं ओरडून सांगितलीस," ती म्हणायची, "माझंही ओरडशील." तेव्हा वर्लिननं अंदाज धरला. त्याचा अंदाज म्हणजे काटाच. तो त्यानं मनात ठेवला, कुणाला सांगितला नाही.

पट्टीवर पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा लोक पोट धरून हसले. गॉर्डी पावलिक म्हणून एक आहे, आमच्या गावाच्या पलीकडचा, अंगानं धिप्पाड आणि त्याची गाडी त्याच्याहून धिप्पाड. ती सुरू झाली की शेजारच्यांच्या कॉफीत लाटा उठतात. मार्लिसच्या गाडीचा सूं-सूं आवाज ऐकून तो म्हणाला, "मार्लिस, ही शिलाई मशीन कुठून आणलीस? माझ्या पँटीची शिवण उसवलीय, बघ जरा."

"पँट शिवून काय होणार, गॉर्डी? आतला माणूस कमी व्हायला पाहिजे."

त्या दिवसापासून गाडीचं नाव शिलाई मशीन पडलं. वर्लिननंच ते बाजूला रंगवून घेतलं, बारीक ब्रशनं. रंगाचंही वजन असतं ना.

आमच्याकडच्या शर्यतीत नुसतं जोरात पळून भागत नाही. प्रत्येकानं आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत जाईल तो आकडा आधीच काचेवर पांढऱ्या बूट-पॉलिशनं लिहायचा. हळू गाडीला दोन आकड्यांतल्या फरकाएवढी आघाडी मिळते, वेगवान गाडी मागून सुटते, आणि जो आधी पोहोचेल तो जिंकतो. पण लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोहोचलात तर बाद. चांगलं धावलात, तरी बाद. आपण कोण आहोत हे आधी सांगायचं आणि मग तेवढंच असायचं, असा हा खेळ. वर्लिनला तो मनापासून पटला होता. पहिल्या उन्हाळ्यात त्यानं काचेवर अकरा बेचाळीस लिहिलं, म्हणजे अकरा सेकंद आणि वर बेचाळीस शतांश, आणि शिलाई मशीन दर रविवारी अकरा बेचाळीसला किंवा त्याच्या केसभर वर जायची. मार्लिसचा हात म्हणजे बसवाल्या बाईचा हात. दिवा हिरवा झाला की ना घाई ना उशीर. ती मोसमात तिसरी आली. घरी येताना दोघांनी रस्त्यात रूबार्ब-पाय खाल्ला, रूबार्बचे आंबट देठ भरून भाजलेला गोड पदार्थ, एकेक तुकडा आणि वर आणखी एक.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये मार्लिस गॅरेजमध्ये आली आणि म्हणाली, "माझ्या कमरेच्या पट्ट्याला एक भोक पाडून दे."

वर्लिन खूश झाला. "तुलाही लागला का नाद?" त्यानं पाडून दिलं. मे महिन्यात तिनं पुन्हा पट्टा आणला, त्यानं पुन्हा पाडून दिलं, आणि पट्ट्याचं लोंबणारं टोक कापून काट्यावर टाकत म्हणाला, "हे बघ, एवढं वजन वाचलं."

यावर मार्लिस हसली. तीही त्या टोकाकडं बघत होती.

जूनमध्ये मोसम सुरू झाला आणि शिलाई मशीन बिघडली. बिघडली म्हणजे फार चांगली पळू लागली. काचेवर अकरा बेचाळीस, आणि पट्टीच्या टोकाच्या फलकावर अकरा अडतीस. बाद. पुढच्या रविवारी अकरा सदतीस. बाद. आकडा बदलून लिहावा तर गाडी आणखी खाली सरकायची. गाडीचा भरवसाच राहिला नाही. आणि ज्या गाडीचा आकडा माहीत नाही ती आमच्या खेळात चुलीत घालायच्या लायकीची.

वर्लिनची झोप उडाली. आधी त्याचा संशय विजेच्या मोटरवर गेला, ती जास्त ओढतेय. मग बॅटरीवर. मग टायरमधल्या हवेवर, मग नुसत्या हवेवर. सगळी गाडी खोलून त्यानं एकेक तुकडा पुन्हा काट्यावर चढवला. बेरीज तंतोतंत जुळली. गाडी होती तेवढीच होती.

"कुठंतरी वजन कमी झालंय," तो जेवताना म्हणायचा. "पंधरा-वीस पौंड. पण कुठनं?"

मार्लिस ताटातले वाटाणे चमच्यानं इकडून तिकडं करायची. "सापडेल," ती म्हणायची. "जेव तू."

जूनच्या अखेरीला तर त्याची हिंमतच खचली. गाडीवर चादर टाकून तो पुन्हा त्या खिडकीपाशी खुर्चीत जाऊन बसला. एकच संध्याकाळ बसला, पण मार्लिसनं ते बघितलं.

त्याच आठवड्यात तिनं सीटवर टाकायला उशी शिवली. वर्लिनच्या जुन्या चौकड्यांच्या शर्टाची, चार कोपऱ्यांना चार बंद. वर्लिननं लगेच हात पुढं केला.

"बघू, काट्यावर ठेवू."

"खबरदार. माझं आणि माझ्या उशीचं वजन विचारायचं नाही. हाडं टोचतात मला तुझ्या त्या भोकांच्या पत्र्यावर."

"कापसाचीच आहे ना?"

"नाही, सोन्याची आहे." तिनं ती स्वतः नेऊन स्वतः बांधली. त्याच दिवशी वर्लिननं मोटरच्या एका तारेचं टोक घासूनपुसून घट्ट केलं होतं. आणि रविवारी फलकावर लागलं, अकरा बेचाळीस.

वर्लिनला आभाळ ठेंगणं झालं. "तार होती!" तो दिसेल त्याला सांगत सुटला. "नुसती एक तार!" एरवी हूं की चूं न करणारा माणूस, पण त्या तारेची गोष्ट त्यानं डॉटीच्या कॅफेत, चर्चच्या तळघरात, पेट्रोल पंपावर, सगळीकडं सांगितली. मार्लिस दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकायची. उन्हाळाभर ती जिंकत गेली. अधूनमधून, मासे धरायला बसायची त्या तळ्याकाठच्या बाकावर बसून, उशी उसवायची आणि पुन्हा शिवायची. कापूस बसतो, म्हणायची. दवाखान्यातून फोन यायचे ते तीच उचलायची. "हो, हो, मोसम संपला की येते," एवढंच ऐकू यायचं. वर्लिनला वाटायचं, दाताचं काहीतरी असेल.

सप्टेंबरात शेवटचा रविवार आला. संध्याकाळपर्यंत दोनच गाड्या उरल्या, गॉर्डीची आणि शिलाई मशीन. अंतिम फेरीला अवकाश होता. मार्लिस म्हणाली, जरा पाठ टेकते, आणि पिकअपच्या सीटवर आडवी झाली ती झोपूनच गेली. वर्लिनला तेवढ्यात बॅटरीची जोडणी बघायची होती. ती सीटच्या मागं असते, सीट पुढं ओढावी लागते. एरवी उशी सोडायचं काम मार्लिस करायची. आज तिला उठवायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं चारही बंद सोडले आणि उशी उचलली.

हाताला कळलं. डोक्यापर्यंत पोहोचायच्या आधी हाताला कळलं. कापूस असा नसतो.

त्यानं खिशातल्या चाकूनं दोन टाके उसवले. आत कापसात गुंडाळलेला शिशाचा गोळा होता, गळाला लावतात तो. मग दुसरा, मग आणखी. एकमेकांवर आपटून आवाज होऊ नये म्हणून प्रत्येकाला वेगळा कापूस. लहान मण्यांवर दातांच्या खुणा होत्या. दोरीवर बसवताना मार्लिस ते दातांनी दाबते, वर्लिन किती वर्षं तिच्यावर ओरडत होता, दात तुटेल म्हणून. होडी विकली तेव्हा तिनं ठेवलेला डबाच्या डबा या उशीत आला होता.

वर्लिन उशी मांडीवर घेऊन खाली बसला. गाडीत शिसं घालायचं, तेही चोरून? प्रत्येक बोल्ट कापणाऱ्या माणसाच्या गाडीत? आधी त्याला रागच आला. मग त्याच्या डोक्यानं जन्मभराच्या सवयीनं वजाबाकी केली. आणि ती करू नये असं त्याला मधेच वाटलं, पण झालेली होती. गाडीतलं वजन कमी झालं नव्हतं. तार कधी ढिली नव्हती. पट्ट्याची दोन भोकं त्यानं स्वतःच्या हातानं पाडली होती, टोक कापून काट्यावर टाकलं होतं, हसला होता. ताटातले वाटाणे. टोचणारी हाडं. दवाखान्याचे फोन.

तो उठून पिकअपपाशी गेला. काचेतून मार्लिस दिसत होती. तोंड किंचित उघडं, हात पोटावर. मनगट केवढंसं झालं होतं. तीस वर्षं रिकामे होऊन परतणारे ट्रक त्यानं टायरांवरून ओळखले होते, आणि ही बाई रोज समोर बसून रिकामी होत गेली. वर्लिनला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं टोपी काढून हातात घेतली. भीतीही वाटली, आणि ती लाजेहून मोठी होती. आणि त्याला तिच्यावर इतकं प्रेम आलं की काच फोडून तिला उचलून घरी न्यावं असं वाटलं.

पण तिनं हे का केलं तेही त्याला समजत होतं. नुसतं पोट दुखतंय म्हणाली असती तरी त्यानं गाडीवर चादर टाकली असती आणि खुर्चीत जाऊन बसला असता. ती त्याला त्या खुर्चीत परत जाऊ देणार नव्हती, निदान हा उन्हाळा तरी. उशी होती तशी शिवून ठेवता आली असती. आकडा तोच, फेरीही बहुतेक जिंकली असती, आणि दोघं एकमेकांपासून लपवत घरी गेली असती.

वर्लिननं सगळं शिसं कॉफीच्या रिकाम्या डब्यात ओतलं. उशीत कापूस तेवढा ठेवला, बंद बांधले. फडक्यानं काचेवरचा आकडा पुसला. थोडा वेळ उभा राहिला, ओठ हलले. मग बूट-पॉलिशनं नवा आकडा लिहिला. अकरा पस्तीस.

मार्लिस डोळे चोळत आली. हेल्मेट घेतलं, गाडीत बसली, आणि बसल्याबरोबर थबकली. बसल्याजागीच तिला कळलं. तिनं काचेतून उलटा दिसणारा आकडा वाचला. मग कॉफीचा डबा बघितला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"वाऱ्याचा हिशेब केलास का?"

"नाही गं. तुझा केला."

पलीकडं गॉर्डीनं गाडी सुरू केली होती, तिच्या आवाजानं डब्यातलं शिसं थरथरत होतं.

"वजन विचारायचं नाही म्हटलं होतं मी तुला," मार्लिस म्हणाली.

"विचारलं कुठं? मी विचारायलाच पाहिजे होतं, मार्ली. चुकलं माझं."

"मोसम संपल्यावर सांगणार होते रे. शप्पथ."

"मोसम संपला. उद्या सोमवार आहे, दवाखाना उघडा असतो." तो पिकअपकडं वळला. "हवं तर आत्ता निघू. गॉर्डीला घेऊ दे तो डबडा कप."

मार्लिसनं हातमोजे चढवले. "गॉर्डीला? इतकीही काही आजारी नाही मी. ही एक फेरी. मग तू म्हणशील तिथं येते." आणि सीटचा पट्टा आवळताना, हळू, "किती रे? कमी झालंय ते?"

"पंचवीस पौंड. थोडं इकडंतिकडं."

"बापरे," ती म्हणाली. "मला वीस वाटत होतं."

तो सरकला. शिलाई मशीन सूं-सूं करत दिव्यांच्या खांबापाशी गेली. तिचा आकडा मोठा, म्हणून ती आधी सुटणार, गॉर्डी मागून. वर्लिन कठड्याला धरून उभा राहिला. त्याच्या आयुष्यात त्यानं असं कधी मागितलं नव्हतं, पण तेव्हा त्यानं देवाकडं मागितलं की माझा हिशेब चुकू दे. अकरा बेचाळीस लागू दे, अकरा चाळीस लागू दे. आम्ही हरू दे. शिसं नसताना गाडी हळू जाऊ दे, म्हणजे मी मूर्ख ठरेन आणि ती ठणठणीत ठरेल.

दिवा हिरवा झाला. विजेनं ओढलं, पेट्रोलनं ढकललं. गॉर्डी गडगडत मागून आला, जवळ आला, आणखी जवळ आला, आणि पोहोचला नाही. फलकावर आकडे लागले.

अकरा पस्तीस.

सगळी पट्टी ओरडली. लिहिला तोच आकडा, शतांशाचाही फरक नाही, असं वर्षातून एखाद्याच वेळी घडतं. लोकांनी वर्लिनच्या पाठीवर थापा मारल्या. गॉर्डीनं गाडीतून उतरून त्याला मिठीच मारली. "म्हाताऱ्या, जादू करतोस की काय? अकरा पस्तीस कुठून काढलास?" वर्लिन त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडायला लागला. गॉर्डीला वाटलं, आनंदानं. तो आणखी घट्ट धरून राहिला, आणि त्यानं धरून ठेवलं ते बरंच झालं.

सोमवारी सकाळी दवाखान्यातल्या नर्सनं मार्लिसला काट्यावर उभं राहायला सांगितलं. वर्लिन उठून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याला ठाऊक होतं, तिला आवडत नाही.

"ताई, थांबा हं," मार्लिस नर्सला म्हणाली. "तुम्ही नका वाचू. वर्लिन, इकडं ये. तू वाच."

"मी?"

"मग काय इथं दुसरा कोण काटेवाला आहे? आणि नीट वाच, पुटपुटू नकोस."

वर्लिन आला. त्यानं चष्मा पुसला, आकडा बघितला, आणि कोठाराच्या खिडकीतून वाचायचा तसा खणखणीत वाचला. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनीही ऐकला. आवाज शेवटी थोडा कापला, पण वाचला पुरा.

"बूट आहेत पायात," मार्लिस म्हणाली. "बूट वजा कर."

वर्लिननं तिच्या बुटांकडं बघितलं आणि बूट वजा केले.

पुढं शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिचं पोट उघडलं, नको ते काढलं, आणि सबंध हिवाळा हेलपाट्यांत गेला. वर्लिन एकदाही खिडकीपाशी बसला नाही, त्याला वेळच नव्हता. चर्चच्या बायका बटाट्याचे, मांसाचे, चीज घातलेले डबे आणून द्यायच्या. तो काटा गॅरेजमधून परत स्वयंपाकघरात आणून प्रत्येक वाढलेलं ताट मोजून तिच्यापुढं ठेवायचा आणि रिकामं ताट पुन्हा मोजायचा. ती चिडायची. "ताटसुद्धा चाटू का?" म्हणायची. तो म्हणायचा, चाट.

जूनमध्ये शिलाई मशीन पुन्हा पट्टीवर आली. सीटवर तीच चौकड्यांची उशी, आत फक्त कापूस. वर्लिननं काचेवर लिहिलं, अकरा छत्तीस. पुढच्या रविवारी त्याला अकरा अडतीस लिहावं लागलं. ऑगस्टात अकरा एकेचाळीस झालं. मार्लिसनं पट्टा एक भोक मागं घेतला होता आणि त्याचं कापलेलं टोक कुठं टाकलंस म्हणून त्याला बोलत होती.

गॉर्डी काचेसमोर उभा राहिला आणि मान हलवायला लागला. "वर्लिन, झालं काय रे तुला? तुझी शिलाई मशीन दर आठवड्याला मंदावतेय. एवढी भोकं पाडलीस, आणि गाडी जड ती जडच!"

वर्लिननं हातातली बूट-पॉलिश खाली ठेवली. मार्लिस रूबार्बच्या पायचा दुसरा तुकडा खात होती. त्यानं तिच्याकडं बघितलं, आणि खिडकीतून मका सांगावा तशा आवाजात, सगळ्या पट्टीला ऐकू जाईल असं म्हणाला, "हो! मंदावलीय!"